लस टोचूनही लाळ्या-खुरकूत परत येतो तेव्हा काय काय तपासायचं

सकाळच्या धारेला दूध एकदम उतरतं. दहा लिटरची गाय पाच-सहावर येते आणि कासेत तर काहीच बिघाड दिसत नाही. वैरण हुंगते, तोंडात घेते आणि टाकून देते. ओठांचा मचमच आवाज यायला लागतो. संध्याकाळपर्यंत तोंडातून दोरीसारखी लाळ जमिनीपर्यंत लोंबते. मधूनच एक पाय उचलून झटकते. थर्मामीटर लावलं तर १०४ ते १०६ ताप. दोन-तीन दिवसांत शेजारच्या दावणीची दुसरी, मग तिसरी. आणि एखादं दूध पितं वासरू, ज्याच्या तोंडात फोड नाही की पायात जखम नाही, ते रात्रीत मरून पडतं.

हे सगळं तुमच्या गोठ्यात झालं असेल, आणि टोचणीची तारीखही तुमच्या वहीत लिहिलेली असेल, तर पुढचं वाचा.

मी पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात पशुसखी म्हणून, म्हणजे गावातल्या जनावरांची पहिली देखभाल बघणारी म्हणून, काम करते. घरी चार गाई, दोन म्हशी आणि एक कालवड आहे. आमच्याच गोठ्यात हा आजार तीनदा आलाय आणि तिन्ही वेळा टोचणी झालेली होती. गावातून, शेजारच्या वाड्या-वस्त्यांवरून बोलावणं येतं तेही याच तक्रारीचं. "लसच खोटी हाय," असं म्हणून लोक पुढच्या फेरीला जनावरं रानात नेऊन बांधतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. कारण इतक्या गोठ्यांत शोधाशोध केल्यावर मला जवळजवळ दरवेळी दोनच गोष्टी सापडल्यात: टोचायचं राहून गेलेलं एखादं जनावर, आणि विषाणूला आत यायला मोकळी असलेली एखादी वाट. त्या कशा शोधायच्या ते सांगते. फुकटात होणारं आधी, खर्चाचं आणि अवघड शेवटी.

तोंडात हात घालण्याआधी

दोन वर्षांपूर्वी वस्तीवरच्या एका दादांनी फोन केला, "ताई, म्हशीच्या घशात कायतरी अडकलंय, लाळ गळतीया. हात घालून काढतो." मी म्हटलं, "दादा, मी येईपर्यंत हात घालू नका." जाऊन बघितलं तर म्हैस सारखी कण्हत होती, आवाज घोगरा झालेला, पाणी समोर असून गिळता येत नव्हतं, मागचे पाय लटपटत होते. ताप फारसा नव्हता. तोंडात फोड आहेत का हे बघायलाही मी जवळ गेले नाही, सरळ दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरांनी रेबीजचा संशय सांगितला. चौथ्या दिवशी म्हैस गेली. महिन्याभरापूर्वी एक पिसाळलेलं कुत्रं वस्तीवर येऊन गेलं होतं, ते घरच्यांना तेव्हा आठवलं. घरातल्या सगळ्यांना इंजेक्शनं घ्यावी लागली.

म्हणून पहिली तपासणी लांबूनच करायची. लाळ आहे पण जनावर विचित्र वागतंय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, अंगावर येतंय किंवा मागचा भाग लुळा पडतोय, तर तिथेच थांबा. रेबीजचा विषाणू चावलेल्या जागेपासून नसांमधून मेंदूपर्यंत चढतो आणि तिथून लाळेच्या ग्रंथींत उतरतो. लक्षणं दिसायला लागल्यावर त्यावर उपाय नाही. हाताला लाळ लागली असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा.

मोबाइलची बॅटरी आणि थर्मामीटर

रेबीजची शंका नसेल तर हातमोजे घाला, दुसऱ्याला म्होरकी धरायला सांगा आणि मोबाइलच्या उजेडात तोंड बघा. जिभेवर, हिरड्यांवर, वरच्या टाळूवर पाण्यासारखे फोड किंवा ते फुटून झालेल्या लालभडक जागा दिसतात. आमच्या जाफरीची जीभ मी पहिल्यांदा धरली तेव्हा वरचं कातडं दुधावरच्या सायीसारखं सुटून माझ्या बोटाला चिकटून आलं. ते एकदा बघितलं की माणूस हा आजार विसरत नाही. मग खुराची बेचकी बघा, सड बघा. या तिन्हींपैकी दोन ठिकाणी फोड असतील तर बहुतेक लाळ्याच.

फोड तिथेच का येतात? विषाणू श्वासातून किंवा चाऱ्याबरोबर आत जातो आणि आधी घशाच्या मागच्या बाजूला ठाण मांडतो. विषाणूला स्वतःचं पोट नाही, स्वतःची वाढ नाही. तो पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच स्वतःच्या नकला काढून घेतो. काही तासांत पेशी संपते आणि हजारो नवे कण बाहेर पडतात. तिथून रक्तात, आणि रक्तातून तोंड, खूर, सड अशा सतत घासल्या जाणाऱ्या कातड्याकडे. दूध पित्या वासरात तो हृदयाच्या स्नायूवर जातो, म्हणून ते फोड यायच्या आधीच दगावतं.

ही खात्री करायची ती दुसऱ्या आजारांत वेळ जाऊ नये म्हणून. जनावर आखडलंय, लंगडतंय, ताप आहे, पण तोंडात काही नाही आणि तीन दिवसांत उठून खायला लागतं, तो तिवा. तो डास-चिलटांमुळे येतो. अंगभर सुपारीएवढ्या कडक गाठी असतील तर लम्पी. लम्पीही डास, गोठ्यातल्या चावऱ्या माश्या आणि गोचिडांमार्फत पसरतो, त्यामुळे तिथे वेगळी काळजी लागते. गळ्याखाली सूज आणि श्वासाला घरघर असेल तर तो घटसर्प असू शकतो. तो जिवाणूंचा आजार आहे, जनावर एका दिवसात जातं. तिथे हे पुढचं काही वाचत बसू नका, डॉक्टरांना बोलवा.

वही काढा

फुकटातली सगळ्यात मोलाची तपासणी हीच. एका कागदावर गोठ्यातल्या प्रत्येक जनावराचं नाव, कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर आणि शेवटच्या टोचणीची तारीख लिहा. "सगळ्यांना टोचलंय" हे वाक्य मी दर घरी ऐकते आणि यादी केली की दर घरी एखाद-दुसरी जागा रिकामी राहते.

कोण राहतं ते सांगते. पुढच्या दिवसांतली गाभण जनावरं फेरीत वगळतात, "व्याल्यावर देऊ" असं ठरतं आणि ते कुणाच्या लक्षात राहत नाही. चार महिन्यांच्या आतली वासरं वगळतात, ती पुढच्या फेरीपर्यंत नऊ-दहा महिन्यांची होतात. टोचल्यावर दोन-तीन दिवस दूध थोडं उतरतं, म्हणून भरात असलेली गाय घरचेच लपवतात. हा सगळ्यात महागात पडणारा व्यवहार आहे. लाळ्या आल्यावर उतरलेलं दूध त्या वेतात पुन्हा पहिल्यासारखं चढत नाही. शेळ्या तर कुणी मोजतच नाही. त्यांच्यात लक्षणं इतकी सौम्य असतात की थोडं लंगडणं सोडलं तर काही दिसत नाही, आणि त्या मात्र दावणीभर फिरत असतात.

आमच्याकडे पहिल्या वेळी अशीच एक गाभण म्हैस राहिली होती. सासूबाई म्हणाल्या होत्या, "एवढी व्याली की मग टोच बाई." ती व्याली, चीक काढला, बारशासारखी गडबड झाली आणि टोचणी राहिली. पावणेदोन महिन्यांनी पहिली लाळ तिच्याच तोंडाला लागली. रेडकू तिसऱ्या दिवशी गेलं.

तारखा बघताना दोन अंतरं तपासा. वासराला चार महिन्यांचं झाल्यावर पहिली टोचणी आणि महिन्याने दुसरी लागते. ती दुसरी झालेली नसेल तर पहिलीचा जोर टिकत नाही. पुढे दर सहा महिन्यांनी. आणि टोचल्यापासून अंगात ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात. टोचल्यावर आठवड्यात आजार आला म्हणजे लसीने आजार आणला असं नाही, विषाणू आधीच आत आलेला होता. तो शिरल्यापासून लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागतात.

काही म्हातारी माणसं विचारतात, बुळकांडी (गुरांची जुनी जीवघेणी साथ) कशी कायमची गेली, मग हा का जात नाही? रास्त प्रश्न आहे. बुळकांडीचा विषाणू एकाच जातकुळीचा होता आणि एका टोचणीने जनावर जवळजवळ जन्मभर सुरक्षित राहायचं. २०११ मध्ये जगातूनच ती संपल्याचं जाहीर झालं. लाळ्याचे सात प्रकार आहेत. एकाची ताकद दुसऱ्याला चालत नाही. आपल्या देशात ओ, ए आणि आशिया-१ हे तीन फिरतात आणि आपली लस या तिन्हींवरची आहे. शिवाय हा विषाणू नकला काढताना चुका करत जातो, म्हणून तो बदलत राहतो. ११ सप्टेंबर २०१९ ला मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात सहा-सहा महिन्यांच्या फेऱ्या ठेवल्यात त्या यासाठीच. एक फेरी चुकली की मधल्या काळात जनावर उघडं पडतं.

लस कशी आली ते विचारा

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. उन्हात तापली तर वाया, आणि बर्फात गोठली तरी वाया. गोठलेलं पुन्हा पातळ झालं म्हणून ती लस कामाची राहत नाही. टोचायला आलेल्या माणसाला बर्फाचा डबा उघडून दाखवायला सांगायला लाजू नका. चांगला माणूस आनंदाने दाखवतो. प्रत्येक जनावराला सुई बदलली का हेही बघा. आठवडाभर आधी जंताचं औषध दिलेलं असेल तर बरं, कारण जंतांनी पोखरलेल्या जनावरात टोचणीचा परिणाम कमी उतरतो.

वाट शोधा: नवीन जनावर, वाडं, माणसं

आता थोडा खर्च आणि बरीच कटकट.

मागच्या पंधरा दिवसांत गोठ्यात काय काय आलं ते आठवा. नवीन जनावर आलं असेल तर शोध बहुतेक तिथेच संपतो. बाजारात, यात्रेत, शर्यतीच्या मैदानावर दहा गावांची जनावरं एका पाण्याला येतात. पुसेगाव, खरसुंडीच्या यात्रेतून खिलार आणायची हौस मलाही समजते. पण आणलेलं जनावर २१ दिवस वेगळं बांधा. वेगळी बादली, वेगळा कासरा, धार सगळ्यात शेवटी. वरून ठणठणीत दिसणाऱ्या जनावराच्या लाळेत आणि दुधात फोड यायच्या आधीच विषाणू असतो, म्हणून "बघून घेतलंय" याला अर्थ नाही.

तिसऱ्या वेळी आमच्याकडे नवीन जनावर आलं नव्हतं. मी चार दिवस डोकं खाजवत होते. गळीत हंगाम चालू होता, आम्ही ऊसतोडीच्या टोळीकडून वाड्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पानांचे, भारे घेत होतो. एका सकाळी भारा सोडला आणि आतल्या पानांवर गोगलगाय गेल्यासारखा चकचकीत, वाळलेला पट्टा दिसला. रात्रभर ते वाडं गाडीच्या बैलांपुढे पडलेलं होतं. त्यांनी वरचं खाल्लं, उरलेलं बांधून आम्हाला आलं. त्यातला एक बैल लंगडत होता, हे दिरांनी नंतर सांगितलं. टोळीवाल्यांचा यात दोष नाही, त्यांची जनावरं रस्त्यावरच राहतात आणि पुष्कळदा टोचणीच्या फेरीत सापडतच नाहीत. तेव्हापासून आम्ही वाडं थेट फडातून, तोडल्या तोडल्या आणतो. बैलांपुढचं उरलेलं फुकट दिलं तरी घेत नाही. आणि आमच्या शिवारात टोळी उतरली की मी दवाखान्यात कळवते, म्हणजे त्यांच्या बैलांनाही लस मिळते.

मग माणसं. दुधाचे कॅन, हेडी म्हणजे जनावरांचे दलाल, रेतन करायला येणारे, पेंडीची पोती, आणि आजारी गोठा बघून थेट घरी येणारे पाहुणे. विषाणू चपलेच्या तळाला, हाताला, कपड्याला लागून येतो. गोठ्याच्या तोंडाशी गोणपाट पसरा आणि त्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी ओता, दहा लिटर पाण्याला ४०० ग्रॅम. खायचा सोडा नाही, धुण्याचा. आधी शेण खरवडून काढा, शेणावर ओतलेला सोडा शेणातच मरतो. साबणावर इथे भिस्त ठेवू नका. रेबीज किंवा लम्पीच्या विषाणूवर चरबीचं पांघरूण असतं, साबणाने ते फाटतं. लाळ्याच्या विषाणूला ते पांघरूण नाहीच. त्याला जास्त आंबट किंवा जास्त खारट-तुरट, म्हणजे आम्लारी, पाणी सोसत नाही. सोडा त्यासाठी.

आजारी गाईचं दूध वासराला थेट पाजू नका. उकळून, कोमट करून पाजा, आणि वासरू वेगळं बांधा. घरातल्या पोरांना शाळेत "हात-पाय-तोंड" म्हणून जो आजार येतो त्याचा विषाणू वेगळा आहे, तो गाईकडून आलेला नसतो.

बरी झालेली जनावरं

काही लोक बरी झालेली गाय लगेच बाजारात नेतात. नेऊ नका. बऱ्या झालेल्या गाईच्या घशात हा विषाणू कधीकधी दोन-तीन वर्षंही तग धरतो. तिच्यापासून प्रत्यक्षात आजार पसरल्याचं फार क्वचित दिसतं, म्हणून तिला हाकलायचीही गरज नाही. पण पुढच्या टोचण्या तिच्याही झाल्या पाहिजेत, कारण एका प्रकाराने बरी झालेली गाय दुसऱ्याला उघडीच असते. बऱ्या झालेल्या काही गाई पुढे उन्हात कुत्र्यासारख्या धापा टाकतात, अंगावर दाट केस येतात, गाभण राहत नाहीत. तो याच आजाराचा मागे उरलेला त्रास आहे.

इथे थांबायचं

घरी करण्यासारखं एवढंच: पोटॅशियम परमँगनेटची चिमूट टाकून फिकट गुलाबी केलेल्या पाण्याने तोंड आणि खूर दिवसातून दोनदा धुणं, कोरडी जागा, मऊ चारा, पेंडीची पातळ आंबील, आणि पुढ्यात कायम पाणी. तापलेल्या वाळूतून चालवणं, जिभेवर मीठ चोळणं हे कृपा करून बंद करा. कातडं सुटलेल्या जिभेवर मीठ म्हणजे काय होत असेल, आपल्या तोंडावरून समजून घ्या. मेडिकलमधून आणून स्वतः अँटिबायोटिक टोचू नका. ते विषाणूवर काम करत नाही. जखमेत जिवाणू शिरले तर लागतं, पण कोणतं, किती आणि दूध किती दिवस काढून टाकायचं हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

वासराला धाप लागली, गाभण जनावर आहे, चोवीस तासांत पाणीसुद्धा घेतलं नाही, कास दगडासारखी झाली, खुरात आळ्या पडल्या, किंवा दोनपेक्षा जास्त जनावरांना एकदम लाळ लागली, यापैकी काहीही असेल तर माझ्यासारखीचं काम संपलं. मी स्वतः अशा वेळी हात मागे घेते. १९६२ हा फुकटचा नंबर लावा किंवा दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलवा. कळवणं हे २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानेही मालकाचं काम आहे. गावात नाव जाईल म्हणून झाकून ठेवलं की आजार आळीभर जातो.

टोचणी वेळेवर आहे, सगळी जनावरं यादीत आहेत, वाटा बंद आहेत, तरी दुसऱ्या वर्षी पुन्हा आला, तर मग नमुना पाठवायचा. हे काम डॉक्टरच करतात. ताज्या फोडाचं कातडं पहिल्या दोन-तीन दिवसांत मिळालं तरच उपयोग, जखम वाळल्यावर नाही. म्हणून लवकर बोलवा. नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागामार्फत पुढे जाऊ शकतो. देशातली मुख्य लाळ्या-खुरकूत संस्था भुवनेश्वरला आहे. कोणता प्रकार फिरतोय आणि लस त्याला पुरते का, हे तिथेच कळतं.

फोन करताना हातात तो कागद धरा: किती जनावरं, किती आजारी, पहिलं कोणतं आणि कधी, ताप किती, टोचणीच्या तारखा, पंधरा दिवसांत काय आत आलं. फोटो काढून ठेवा. आणि डॉक्टर यायच्या आधी गोठ्याच्या तोंडाशी गोणपाट सोड्याच्या पाण्यात भिजवून ठेवा, आत येताना आणि बाहेर जाताना दोन्ही वेळा त्यांना त्यावर पाय देता येईल असं. तुमच्याकडून निघाल्यावर त्यांना दुसऱ्याच्या गोठ्यात जायचं असतं.